सत्तावीसासे

आकड्यालाही माज असतो. हसू नका! हिंदुरावांनी तो स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला आणि त्याच्यापुढं एकदा सपशेल आपटी खाल्ली. नुसती आपटी खाल्ली असती तर ही गोष्ट सांगायला मी बसलोच नसतो. लोक आपटी खातात, धूळ झटकतात आणि दुसऱ्याचं नाव सांगतात. हिंदुरावांनी काय केलं, ते ऐका.

सन अठ्ठावन्न. चिंचवडात तेव्हा कारखाने बोटांवर मोजावेत इतके, आणि दोन कारखान्यांच्या मधे बाजरीची रानं. तिथंच एका पत्र्याच्या शेडमध्ये उद्धवरावांचं वर्कशॉप होतं. चार लेथ, एक मिलिंग मशीन, दहा माणसं आणि मालकाची बैठक म्हणून एक लोखंडी खुर्ची. त्या दहा माणसांतला पहिल्या नंबरचा टर्नर म्हणजे हिंदुराव. निघोज्याच्या लोहाराचा मुलगा. बाप जन्मभर बैलगाडीच्या चाकांना लोखंडी धाव चढवत आला. मुलगा चौथी शिकला आणि लेथवर लागला.

चौथीच, पण पाढे कसे! तिसापर्यंतचे तर कुणीही म्हणेल हो. हिंदुराव पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अपूर्णांकांचं सगळं खडाखडा म्हणायचे. लेथवर काम चालू असलं की पाढाही चालू. "सोळा आठे अठ्ठाविसासे", म्हणजे एकशेअठ्ठावीस, असं म्हणता म्हणता कातण निघायचं. नवा कुणी कामाला आला की त्याला विचारायचे, "कुठलाबी आकडा सांग. कुठल्या पाढ्यात, कितव्या पायरीवर येतोय ते सांगतो." या बाबतीत त्यांना गर्व होता, आणि तो त्यांनी कधी लपवलाही नाही.

तर भाद्रपद सरता सरता पिंपरीच्या एका नव्या कंपनीचा साहेब मोटारीतून आला. कंपनीत जर्मन मशीन होतं आणि त्याचा आट्यांचा लांब दांडा खराब झाला होता. आटे सगळे मिलिमीटरचे. जर्मनीहून नवा दांडा यायला सहा महिने लागणार, म्हणून इथं कुणी करून देईल का, असं साहेब विचारत आला होता. त्यानं शेडभर नजर फिरवली. दाराशी दुरुस्तीला आलेलं बैलगाडीचं चाक टेकवून ठेवलेलं होतं. ते बघून साहेब हसला. "अहो, बैलगाडीच्या गावात मिलिमीटर कुठून येणार! मुंबईलाच पाठवावं लागेल."

ते चाक हिंदुरावांनी स्वतः तिथं ठेवलं होतं. त्यांना ते बोलणं असं लागलं की त्यांनी मालकाला विचारलंही नाही. "दसऱ्यापर्यंत देतो," ते म्हणाले. "हितंच करून देतो."

साहेबानं त्यांच्याकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं. "खंडेनवमीला माणूस पाठवतो," म्हणाला, आणि गेला.

मोटार गेल्यावर ज्योतीराम पुढं आला. ज्योतीराम म्हणजे वर्कशॉपचा इंजिनिअर. डिप्लोमा झालेला, पंचविशीचा, चष्मेवाला. मुलगा सरळ, पण थोडा उतावळा. "हिंदुराव, तुम्ही काय कबूल केलंत कळलं का तुम्हाला?"

"काय आवघड हाय त्यात, साहेब?"

ज्योतीरामनं खडू घेतला आणि फरशीवर लिहून सांगितलं. आपले लेथ सगळे विलायती, इंचाच्या मापानं आटे पाडणारे. एका इंचात पंचवीस पूर्णांक चार मिलिमीटर. आता लेथच्या गिअरच्या चाकाला दाते असतात ते अख्खे, पूर्णांक-अपूर्णांक त्याला समजत नाही. म्हणून एकदम पाच इंच घ्यायचे. पाच इंचांचे बरोब्बर एकशेसत्तावीस मिलिमीटर होतात. लेथच्या गिअरमध्ये एकशेसत्तावीस दात्यांचं चाक बसवलं की इंचाचा लेथ मिलिमीटर बोलायला लागतो. ते चाक नसेल तर जवळपासच्या चाकांवर भागवता येतं, पण केसाएवढी चूक राहते, आणि लांब दांड्यात ती साठत जाते.

"मग दोन बारकी चाकं जोडू की," हिंदुराव म्हणाले. "शंभर पायजे आसलं तर ईस पाचे शंभर. तसं ह्याला काय लागतंय ते..." आणि ते थांबले.

पंचवीस पाचे सवाशे. अठरा साते सव्वीसासे. सोळा आठे अठ्ठाविसासे. मधला सत्तावीसासे कुठं गेला? हिंदुराव दोनापासून तिसापर्यंत मनातल्या मनात चढले आणि उतरले. कुठल्याही पाढ्यात, कुठल्याही पायरीवर तो बसलेला नव्हता. सत्तावीसासे हा शब्द जन्मात कधी आपल्या तोंडातून निघालेला नाही, हे त्यांना त्या दिवशी कळलं.

"त्याला भाग जातच नाही," ज्योतीराम म्हणाला. "एकानं जातो आणि त्याचा त्यानं जातो. मूळ संख्या म्हणतात. हे चाक अखंडच पाडावं लागेल. आणि पाडायला आपल्याकडं तेवढ्या भोकांची तबकडी नाही."

हिंदुराव खाली बसले आणि खडूनं लिहिलेल्या त्या आकड्याकडं बघत राहिले. मग हसले. "लई माजोरी हाय की ह्यो! कुणाच्या पंगतीलाच बसत न्हाई." आणि खरं सांगतो, तेव्हापासून तो आकडा त्यांना आवडायला लागला.

आता ही तबकडीची भानगड काय, ते दोन शब्दांत सांगतो. मिलिंग मशीनवर चाकाला दाते पाडायचे तर प्रत्येक दात्यानंतर चाक नेमकं तेवढंच फिरवावं लागतं. त्यासाठी एक हँडल असतं. हँडलच्या चाळीस फेऱ्या झाल्या की चाकाची एक फेरी. हँडलच्या मागं भोकांची तबकडी असते, तिच्यात खुंटी अडकवून किती फिरलं ते मोजायचं. वर्कशॉपमधल्या तबकड्यांवर जास्तीत जास्त भोकं होती एकोणपन्नास. एकशेसत्तावीस भोकांची तबकडी मिळाली असती तर दर दात्याला चाळीस भोकं पुढं सरकलं की काम फत्ते. पण ती आणायची कुठून?

दोन दिवस हिंदुरावांनी डोकं खाजवलं. तिसऱ्या दिवशी सकाळी शेडच्या दारात त्या बैलगाडीच्या चाकाला अडखळले आणि तिथंच उभे राहिले. बाप काय करायचा? लोखंडाची पट्टी वाकवून तिचं कडं करायचा, कडं तापवून लाकडाच्या चाकावर चढवायचा, आणि पाणी मारलं की कडं आवळून गच्च बसायचं. गोल भागता येत नसेल तर सरळ पट्टीवर भोकं पाडावीत आणि मग पट्टीचं कडं करावं! सरळ पट्टीवर सारख्या अंतरानं भोकं पाडायला काय लागतं? एक पंच, आणि त्याच्या शेजारी आधीच्या भोकात बसणारी एक खुंटी.

"आणि पट्टीत थोडी चूक राहिली तर?" ज्योतीरामनं विचारलं. मग त्याचं त्यालाच उत्तर सुचलं आणि त्याचा चेहरा उजळला. "अहो, हँडलच्या चाळीस फेऱ्यांना चाकाची एक फेरी! इथली चूक तिकडं चाळिसावा हिस्साच उतरणार! हिंदुराव, कमाल केलीत!"

खोक्यांना बांधून आलेली पोलादी पट्टी घेतली. हिंदुराव पंच मारत गेले आणि मोजत गेले. मोजणी निघोज्याच्या खळ्यावरची. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक म्हणत नाहीत, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. एकशेसत्तावीसला हात थांबला. मग शेवटचं भोक पहिल्या भोकावर बरोबर आणून त्यातून पोकळ रिव्हेट ठोकली आणि कडं झालं. बाभळीच्या लाकडाची तबकडी लेथवर कडं बसेल न बसेल इतकी कातली. कडं तापवलं, चढवलं, पाणी मारलं. चर्रर्र आवाज झाला आणि दहाच्या दहा माणसांनी टाळ्या वाजवल्या.

बिडाच्या कोऱ्या चकत्या दोनच होत्या. पहिली मिलिंगवर चढवली. चाळीस भोकं सरकायचं, दाता पाडायचा. चाळीस मोजायला तोंड गुंतलेलं, त्यामुळं दाते मोजायला जीभ शिल्लक कुठली? फेरी पुरी झाली आणि कटर पहिल्या खाचेत अलगद येऊन उतरला. ज्योतीरामनं एका दात्यावर खडूची खूण केली आणि तिथून बोट ठेवून मोजायला लागला. "...एकशेपंचवीस, एकशेसव्वीस," आणि खुणेच्या दात्यावर येऊन, "एकशेसत्तावीस!"

उद्धवरावांनी पेढे मागवले. हे झालं खंडेनवमीच्या चार दिवस आधी.

पेढा हातात घेऊन हिंदुरावांना काय हुक्की आली कुणास ठाऊक. म्हणाले, "थांबा रं. ह्याचा माज दावतो तुमाला. साताच्या पाढ्यानं जातो. बघा, शेवटाला एक दाता कसा उरतोय." सगळे गोळा झाले. हिंदुराव ज्योतीरामच्या खुणेच्या पुढच्या दात्यापासून निघाले. दर सातव्या दात्यावर खडूची रेघ. सात, चौदा, एकवीस. पेढे खात खात माणसं बघत होती. एकशेपाच, एकशेबारा, एकशेएकोणीस. पुढची रेघ खुणेच्या अलीकडच्या दात्यावर पडायला हवी होती.

ती पडली खुणेवरच. एकही दाता उरला नाही.

अठरा साते सव्वीसासे! सात अठरा वेळा गेला, म्हणजे दाते एकशेसव्वीस. ज्योतीरामनं खुणेचा दाता दोनदा मोजला होता. या चाकानं दांडा केला तर हातभर लांबीत साडेतीन मिलिमीटरची चूक, जर्मन मशीनमध्ये तो शिरलाही नसता.

आणि हे फक्त त्यांनाच दिसलं होतं. बाकीच्यांचं लक्ष पेढ्यांत. हिंदुरावांनी नुसतं "बघा, उरला एक!" म्हटलं असतं तर सगळ्यांनी माना डोलावल्या असत्या. दुसरी चकती गुपचूप पाडता आली असती. मुकादम म्हणून त्यांचं नाव व्हायचं होतं, आणि दोन माणसं त्या जागेवर डोळा ठेवून तिथंच उभी होती. अंगठ्यानं खडूची एक रेघ पुसली की झालं.

त्यांनी हातातला पेढा खाली ठेवला.

"मालक, चुकलं," ते म्हणाले. "ह्यो सत्तावीसासे न्हाई. ह्यो सव्वीसासे हाय. माझं चुकलं."

ज्योतीराम खाली बसून पुन्हा मोजायला लागला आणि त्याचे कान लाल झाले. मागून कुणीतरी फिसकन हसलं, "पाढेवाले पाढ्यातच गेले की!" उद्धवराव हसले नाहीत. "एकच चकती उरलीय, हिंदुराव," एवढंच म्हणाले. "चार दिवस."

पण चूक झाली कुठं? हिंदुरावांनी कड्यावरची भोकं मोजली. एकशेसव्वीस. अरे, मी तर एकशेसत्तावीस ठोकली होती! एक भोक खाल्लं कुणी? माणूस चक्रावून घरी गेला.

घर म्हणजे चिंचवडगावातल्या दोन खोल्या. निघोज्याहून भावानं नवी बाजरी पाठवली होती आणि गोजाबाई, म्हणजे हिंदुरावांची बायको, अंगणात बसून ती पायलीनं मापून कणगीत टाकत होती. गोजाबाई तळेगावच्या पल्याडची, मावळातली. मापायला बसली की तिला मधे कुणी बोललेलं खपायचं नाही.

"लाभ," तिनं पहिली पायली बाजूला परातीत ओतली. मग दुसरी कणगीत टाकली. "एक. दोन. तीन."

हिंदुरावांचं डोकं आधीच तापलेलं. "आगं, दोन म्हन की! लाभ म्हंजेच एक. लाभ झाल्यावर परत एक कुठनं आला?"

"तुमच्या निघोज्यात आसंल तसं," गोजाबाई वर न बघता म्हणाली. "आमच्यात लाभ देवाचा. देवाचं माप घरच्या मोजणीत धरत्यात व्हय? तुमाला वीस वरसं सांगतीया, तुमच्यात देवालाबी घरातलाच धरत्यात!"

"देवाचं माप बाजूला ऱ्हातं, म्हनून त्ये..." हिंदुरावांनी वाक्य अर्ध्यात सोडलं आणि परातीतल्या बाजरीकडं बघितलं.

बाजूला राहतं! पट्टीचं पहिलं भोकही बाजूलाच राहिलं होतं की! शेवटचं भोक त्याच्यावर बसवलं, रिव्हेट मारली, दोन भोकांचं एक झालं. पहिलं भोक मोजायचंच नव्हतं. ते लाभ होतं, गोजाबाईच्या माहेरचं.

"गोजे!" हिंदुराव अंगणात ओरडले, शेजारची बाई दारात आली इतके. "आगं, तुझ्या म्हायेरची रीत खरी गं! तुझीच खरी!"

गोजाबाईनं पायली खाली ठेवली. "वीस वरसांनी कळलं," ती म्हणाली. "आता सरका, माझी मोजणी चुकल."

दुसऱ्या दिवशी तिला वर्कशॉपमध्ये नेलं असतं तर बरं झालं असतं, पण बायकांनी शेडमध्ये यायचा रिवाज नव्हता. म्हणून हिंदुराव नवी पट्टी, पंच, हातोडी आणि ऐरणीचा तुकडा सायकलला बांधून घरीच घेऊन आले. अंगणात ते ठोकत गेले आणि गोजाबाई मोजत गेली. "लाभ. एक. दोन." पंचाचा एक घाव, तिचा एक आकडा. मधे शेजारीण मीठ मागायला आली, तिला गोजाबाईनं हातानंच थांबवलं. एकशेसत्तावीसला तिनं हात आडवा धरला आणि हिंदुरावांची हातोडी वरच्या वर थांबली.

कडं झालं, चढलं. दुसरी चकती मिलिंगवर गेली. आधी फिसकन हसणारेसुद्धा घाम पुसत उभे. शेवटचा दाता पडला तेव्हा हिंदुरावांनी ज्योतीरामच्या हातात खडू दिला. "तुमी मोजा साहेब. पर दातं मोजू नगा. पाढ्यानं जावा."

ज्योतीरामनं एका दात्यावर खूण केली आणि तिच्या पुढून दोनानं गेला. एक उरला. तिनानं गेला. एक उरला. सातानं गेला. एकशेएकोणीस, एकशेसव्वीस, आणि पुढं खुणेचा दाता उरलेला, एकटा, ताठ उभा. नवानं गेला, तरी तोच. ज्योतीरामनं चष्मा काढून पुसला. "सव्वीसासे आणि वर लाभ," तो म्हणाला, आणि हिंदुरावांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांनी ते पुसलंही नाही.

तीन दिवसांत दांडा झाला. माणूस पाठवतो म्हणालेला साहेब खंडेनवमीच्या सकाळी स्वतःच आला, जर्मन मशीनचा पितळी नट बरोबर घेऊन. नट दांड्यावर चढवला आणि बोटानं टिचकी मारली. नट फिरत फिरत या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला, कुठं अडला नाही, कुठं खुळखुळला नाही. साहेबानं तीनदा टिचकी मारून बघितली. मग म्हणाला, "ते चाक बघायला मिळेल का?"

"कुठलं?" हिंदुराव म्हणाले. "बैलगाडीचं का दुसरं?"

उद्धवराव खुर्चीतून पडायचे राहिले. साहेब मात्र मोकळेपणानं हसला आणि त्यानं हिंदुरावांपुढं हात जोडले. त्याच दुपारी मालकानं सगळ्यांसमोर सांगितलं की दसऱ्यापासून मुकादम हिंदुराव. आणि चाकावर तुमचं नाव कोरा, म्हणाले.

खंडेनवमीला हत्यारांची पूजा असते. त्या एका दिवशी कामगारांच्या घरच्या बायका शेडमध्ये येत. गोजाबाई संध्याकाळी हिरव्या लुगड्यात आली, हळदीकुंकवाचं ताट घेऊन. लेथ झाले, मिलिंग मशीन झालं. मग हिंदुरावांनी तिला त्या चाकापाशी नेलं. त्यांनी दुपारीच पंच घेऊन त्याच्यावर अक्षरं ठोकली होती. गोजाबाईला वाचता येत नव्हतं.

"काय लिवलंय?" तिनं विचारलं. "तुमचं नाव?"

"लाभ," हिंदुराव म्हणाले.

गोजाबाई थोडा वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. मग पदर सावरून तिनं कुंकवाची चिमूट घेतली आणि चाकावर नजर फिरवली. सगळे दाते सारखे, कुठला पहिला आणि कुठला शेवटचा काही कळेना.

"अवो," ती हळूच म्हणाली, "ह्यातला देवाचा दाता कुठला?"

"जिथनं तू मोजाय लागशील, त्यो," हिंदुराव म्हणाले.

गोजाबाईनं समोरच्या दात्याला कुंकू लावलं आणि मोठ्यानं, सगळ्या शेडला ऐकू जाईल असं म्हटलं, "लाभ!" आणि दहाच्या दहा माणसांनी, ज्योतीरामसकट, तिच्या पाठोपाठ पुढचा आकडा म्हटला, "एक!"